घरट्यासमोरची खुर्ची

कात्री हातात असली की कटिंगबाईचा हात तिच्या डोक्याला विचारत नाही, असं कारखान्यात सगळे म्हणायचे, आणि कौतुकानेच म्हणायचे. शाळांचे नि हॉस्पिटलांचे गणवेश शिवायचा तो कारखाना. लांबलचक टेबलावर कापडाचे थर अंथरायचे, वर खडूने आखायचं आणि बाई कापत सुटायची. थर कितीही असोत, तळातली बाही वरच्या बाहीएवढीच निघायची. नाव तिला होतंच की, पण कटिंगबाई म्हटल्यावर जी वळून बघते तिला दुसरं नाव हवं कशाला? कुठे धागा लोंबताना दिसला, कापला. कुणाच्या मानेला लेबल टोचतंय, कापलं. एकदा बँकेच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या अनोळखी बाईच्या ओढणीचा सुटलेला दोरा हिने पर्समधली छोटी कात्री काढून उडवला, आणि वर तिलाच म्हणाली, "झालं हो." तर सांगायचं म्हणजे, पुढे जे झालं त्यात वाईट हेतू काडीचाही नव्हता. पण हेतू चांगला होता म्हणून कापलेलं पान काही परत चिकटत नाही.

घरात माणसं तीन. कटिंगबाई, लिफ्ट दुरुस्त करणारा तिचा नवरा, आणि नवऱ्याची थोरली बहीण. तिला दोघंही ताईच म्हणायचे. ताईचे यजमान गेल्या थंडीत वारले. आजारपण लांबलेलं. ताई हॉस्पिटलात त्यांच्या पलंगाशेजारच्या खुर्चीत दिवसचे दिवस बसून होती, कुणी काही म्हटलं तरी हलायची नाही. शेवटी एका सकाळी नर्सबाईच म्हणाल्या, घरी जाऊन आंघोळ करून या, जरा बरं वाटेल. ती गेली, अंगावर पाणी घेतलं, आणि केस ओले असतानाच फोन आला.

भावाने तिला आपल्याकडे आणलं, बाल्कनीला लागून असलेली खोली दिली. ताई त्या खोलीत जी शिरली ती शिरलीच. दार लोटलेलं, खिडकीचा पडदा ओढलेला. जेवायला हाक मारली की यायची, चार घास खायची, ताट विसळून परत आत. सुरुवातीला कुणी भेटायला आलं की एकच वाक्य बोलायची, "मी आंघोळीला गेले होते." पुढे तेही बोलेनाशी झाली. "हो", "नको", "राहू दे" एवढ्यावर तिचा दिवस निघायचा. डॉक्टर म्हणाले, वेळ लागेल. किती ते डॉक्टर कधी सांगत नाहीत.

त्या लोटलेल्या दाराने कटिंगबाईचा जीव टांगणीला लागला होता. दोघंही कामावर, घरात ताई एकटी. दुपारी फोन करावा तर कुणी उचलायचं नाही, आणि मग उरलेला दिवस हातात कापड नि डोक्यात नाही नाही ते विचार. संध्याकाळी किल्ली फिरवण्याआधी ती दाराला कान लावायची, आत भांड्याचा तरी आवाज येतोय का बघायची. कधी यायचा, कधी यायचा नाही.

अशात तिला वाचनालयाच्या फळ्यावर एक कागद दिसला. पक्ष्यांची निसर्गवही, ज्यांना चित्र अजिबात येत नाही त्यांच्यासाठी, दर रविवारी सकाळी वरच्या हॉलमध्ये. हिने उत्साहाने दोन नावं घातली, एक आपलं नि एक ताईचं. दोन वह्या आणल्या, रंगांच्या दोन डब्या आणल्या. ताई म्हणाली, "नको." संपलं. मग नाव घातलंय तर एकीने तरी जावं म्हणून ही एकटीच गेली. म्हणजे बघा, दुखणं एकीचं आणि औषध घेतेय दुसरीच.

शिकवणारे सर नकाशांच्या कचेरीतून निवृत्त झालेले होते, त्यामुळे बोलणं मोजकं आणि पेन्सिल कायम टोकदार. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांची खोडरबरं गोळा करून खिशात टाकली. चुकलेली रेघ राहू द्या, शेजारी बरोबरची काढा, पक्षी काय तुम्हाला पुसायला वेळ देणार आहे? आधी अंडं काढायचं. मग अंड्यातून जाणारी तिरकी रेघ, म्हणजे पक्षी कुठे झुकलाय ते कळतं. मग डोक्याचा गोल. चोच शेवटी, कारण नवशिका चोचीपासून सुरू करतो आणि मग चोचीला पक्षी जोडत बसतो. काळा रंग नळीतला घ्यायचा नाही, निळ्यात तपकिरी मिसळून करायचा. डोळ्यातली चमक रंगवायची नसते, तेवढा कागद कोरा सोडायचा. आणि चित्राच्या बाजूला लिहायचं, ऊन होतं की ढग, पक्षी काय करत होता, काय खात होता. जे दिसलं तेच. माहीत आहे म्हणून काही घुसडायचं नाही.

कटिंगबाईने सुरुवातीला जे काढलं त्याला पक्षी म्हणणं म्हणजे पक्ष्यांवर अन्याय. करायला गेली गणपती आणि झाला मारुती. चिमणी काढली, बटाटा झाला. कबुतर काढलं, मोठा बटाटा झाला. नवरा जेवताना वही उघडून विचारायचा, "आज भाजी कसली?" ती हसण्यावारी न्यायची, पण आत लागायचं. कापडावर जिचा हात कधी हलला नाही, तिला कागदावर एक चोच जमू नये म्हणजे काय. शेजारी एक कॉलेजातली मुलगी बसायची, ती दोन फटकाऱ्यांत बगळा उभा करायची. मेलीला कष्ट म्हणून नाहीत.

मग बाल्कनीतल्या वेलावर बुलबुलाच्या जोडीने घरटं बांधलं. काळ्या तुऱ्याचा, शेपटीखाली लालभडक असलेला साधा बुलबुल, लालबुड्या म्हणतात तो. जोडी काड्या आणताना दिसली तेव्हा कटिंगबाईला वाटलं, आपली शिकवणी आता घरपोच झाली. कपडे वाळत घालायच्या दोऱ्या तिने घरात घेतल्या. नवऱ्याला बाल्कनीत जायची बंदी केली. स्वतः सकाळी कामावर जाण्याआधी स्टूल टाकून दाराच्या आतून बघत बसायची. अंडी झाली, अंड्यांची पिल्लं झाली, तीन. नुसती तोंडं. आई चोचीत अळी घेऊन आली की तिन्ही तोंडं एकदम वर.

चित्र मात्र जमेना. वेलाचा एक फाटा नेमका घरट्यापुढून गेला होता. त्याच्या पानांमागे कधी पाठ लपायची, कधी शेपूट, आणि ते लाल तर कधीच दिसायचं नाही. वहीत पानं भरली, सगळ्यांवर अर्धा बुलबुल. सर म्हणाले होते, अर्धा दिसतो तर अर्धाच काढा. पण हिला एकदा पूर्ण काढायचा होता. एकदा तरी तो बटाटा नाही हे स्वतःला दाखवायचं होतं. त्यातून पुढच्या रविवारी सर सगळ्यांच्या वह्या भिंतीशी मांडणार होते.

शुक्रवारी सकाळी नर-मादी दोघंही बाहेर गेलेली. कटिंगबाई बाल्कनीत गेली, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, ताईच्या खिडकीचा पडदा नेहमीसारखा ओढलेला. खिशातून कात्री निघाली. फाटा कापला, वरची पाच-सहा पानं उडवली, इतकी सफाईने की घरटं जरासुद्धा हललं नाही. मागे होऊन बघितलं तर सगळं कसं स्वच्छ, मोकळं. थोड्या वेळाने मादी आली, काठावर बसली, मान वळवून वाकली, आणि शेपटीखालचं ते लाल उन्हात पेटलं. कटिंगबाईचा हात आपोआप चालला. अंडं, तिरकी रेघ, गोल, तुरा. पाठीवरचे खवले. शेवटी लाल, थोडं पाणी जास्त घेऊन. खाली बघितलं तर कागदावर बुलबुल बसला होता. खरंच बसला होता. तिला इतका आनंद झाला की ती कामावर उशिरा पोहोचली आणि सुपरवायझरची बोलणी हसत ऐकून घेतली.

त्याच संध्याकाळी घरी येऊन बघते तर ताई बाल्कनीच्या दारात. जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची तिने तिथे नेली होती, आणि मांडीवर हात ठेवून घरट्याकडे बघत बसली होती. कटिंगबाई चपला न काढता तशीच उभी राहिली. ताईने मान न वळवताच म्हटलं, "आत्ता येऊन गेली. चोचीत काहीतरी हिरवं होतं."

एवढं लांब वाक्य त्या घराने कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं.

नवरा आला, त्याने बघितलं, आणि स्वयंपाकघरात जाऊन बायकोला म्हणाला, "तुझ्या बटाट्यांनी काम केलं." मग त्याने नळ सोडून उगाच हात धुतले. दुसऱ्या दिवशी ताई सकाळपासून खुर्चीत. चहा तिथेच, जेवण तिथेच. मधूनच बोलायची, "तो नर लांबून येतो, थेट येत नाही." "त्या मधल्याला जास्त मिळतं." कटिंगबाई तिच्या मागे उभी राहून मनात म्हणत होती, बाई गं, पिल्लांनी ओढून आणलं हिला. डॉक्टरांना जमलं नाही, आम्हाला जमलं नाही, त्या तीन तोंडांनी केलं. शनिवारची ती रात्र तिला गाढ झोप लागली.

रविवारी सर वह्यांपुढून हळूहळू चालत आले आणि हिच्या वहीपाशी थांबले.

"ऊन सरळ अंगावर पडलंय याच्या," सर म्हणाले. "बुलबुल असं उघड्यावर बांधत नाही. इथे पानं नव्हती?"

"होती," ती म्हणाली. "थोडी."

सरांनी तिच्याकडे बघितलं, मग वहीकडे. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "चित्र काढणाऱ्यांच्या हातून हे होतं," ते हळू आवाजात म्हणाले, फक्त तिलाच ऐकू जाईल असं. "आपल्याला पक्षी दिसावा म्हणून आपण पानं काढतो. मग तो कावळ्यालाही दिसतो. पिल्लं किती मोठी आहेत?"

"पंखांवर पिसं यायला लागलीत."

"म्हणजे अजून आठवडाभर तरी. आता काही करू नका, लांब राहा. जवळपास माणूस बसलेलं असलं तर कावळा जरा बिचकतो, एवढंच." जाता जाता ते वळले. "चित्र चांगलं आहे."

ते चित्र चांगलं आहे हे ऐकायला ती इतके रविवार थांबली होती, आणि ऐकलं तेव्हा तिला रडू आलं. वही पिशवीत कोंबून ती घरी आली. वाटेत प्रत्येक तारेवर कावळा. रोजच असतात की, पण खाई त्याला खवखवे. घरी ताई खुर्चीत होती, पिल्लं जागच्या जागी होती, आणि समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर एक कावळा बसून इकडेच बघत होता. की तिला तसं वाटलं, कोण जाणे.

आता तिच्या भीतीचा हिशोब ऐका. पिल्लं गेली तर वाईट, ते आहेच. पण पिल्लं ताईच्या देखत गेली तर? किंवा त्याहून वाईट, ताई जरा उठून गेली आणि तेवढ्यात गेली तर? मग ती खोली, तो पडदा, ते लोटलेलं दार, आणि "मी आंघोळीला गेले होते". यातून ती एकदा जेमतेम बाहेर आली होती. दुसऱ्यांदा आत गेली तर कोण आणणार होतं तिला? आणि हे सगळं कशापायी, तर हिला शेपटीखालचं लाल काढायचं होतं.

ताई, तुम्ही इथे बसू नका, असंही म्हणता येईना, कारण माणूस बसलं तरच कावळा बिचकणार. बसा म्हणावं तरी पंचाईत. आणि खरं सांगावं तर, ताई म्हणेल, तूच केलंस हे, आणि उठून आत जाईल. शेवटी कटिंगबाई मूग गिळून बसली.

पण हात बसेनात. सोमवारी तिने कापलेलाच फाटा कचऱ्यातून काढला आणि ताई स्वयंपाकघरात गेल्याचं बघून दोऱ्याने जागेवर बांधला. मंगळवारी तो सुकून वाजायला लागला, मादी येऊन ग्रिलवर बसली, चोचीत अळी, आणि पुढे जाईना. पिल्लं ओरडताहेत, ती येईना. ताई म्हणाली, "त्या वाळक्याला घाबरतेय ती." कटिंगबाईने धावत जाऊन सोडला. मग कारखान्यातून हिरव्या कापडाचा तुकडा आणून सावलीला टांगला. वाऱ्याने तो फडफडला आणि दोन्ही पक्षी समोरच्या झाडावर जाऊन ओरडत बसले. तोही काढला. सकाळचं कडक ऊन थेट घरट्यात उतरायचं तेव्हा मादी पंख पसरून वर उभी राहायची, चोच उघडी, धापा टाकत. "ही अशी का करते?" ताईने विचारलं. "सावली करते," कटिंगबाई म्हणाली, आणि तिच्याने पुढे बघवलं नाही.

कारखान्यात तिने कॉलरींचा अख्खा थर उलटा कापला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. जेवणाच्या सुट्टीत ती घरी फोन लावायची आणि आता ताई उचलायची. "आहेत," एवढंच सांगून ठेवून द्यायची. जणू पहाऱ्यावरचा शिपाई.

आणखी एक गोष्ट कटिंगबाईच्या लक्षात आली आणि तिची पाचावर धारण बसली. ताई दिवसभर आंघोळच करायची नाही. संध्याकाळी ही घरी आली, चपला काढल्या, हातपाय धुऊन बाल्कनीच्या दाराशी आली, की मग ताई उठायची, "तू बस इथे," म्हणायची, आणि टॉवेल घेऊन न्हाणीघरात जायची. चटकन यायची, केसांतलं पाणी टपटपत. आल्या आल्या विचारायची, "आहेत ना?" "आहेत," ही सांगायची. त्या एवढ्या वेळात कटिंगबाई डोळ्याची पापणी लवू द्यायची नाही. नवरा म्हणाला, "बरं आहे की, रमलीय ती." याला लिफ्टच्या तारांपलीकडे काही दिसेल तर शपथ.

शुक्रवारी दुपारी तिने फोन लावला आणि कुणी उचलला नाही.

परत लावला. वाजून वाजून बंद झाला. तिसऱ्यांदा लावताना बोट चुकून भलतंच बटण दाबलं गेलं. सुपरवायझरला काय सांगितलं ते तिला नंतर आठवेना, पण ती कात्री टेबलावर तशीच टाकून निघाली, जे तिने आजवर कधी केलं नव्हतं. रिक्षावाला तिच्यासाठीच सावकाश चालवत होता. घराची लिफ्ट नेमकी बंद. लिफ्टवाल्याच्या घरची लिफ्ट बंद असावी, हा विनोद ती एरवी नवऱ्याला आठवडाभर पुरवून ऐकवायची. जिने चढताना छातीत कळ आली तरी थांबली नाही.

दार उघडलं. खुर्ची रिकामी होती.

बाल्कनीत गेली. घरटं रिकामं. काठाची एक बाजू खाली दबलेली, आणि ग्रिलच्या पट्टीवर एक करडं पीस अडकलेलं. समोरच्या झाडात पक्षी जोरजोरात ओरडत होते. ताईच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. कटिंगबाईने ते हळूच ढकललं. पलंगावर कुणी नव्हतं. आणि मग तिला न्हाणीघरात पाण्याचा आवाज आला.

ती तिथेच, भिंतीला टेकून, जमिनीवर बसली. ताई आंघोळीला गेली होती. आज हिची वाट न बघता गेली, आणि तेवढ्यात नेलं. झालं, जे व्हायला नको होतं तेच झालं. आता दार उघडेल, ताई बाहेर येईल, तिला कळेल, आणि मग तिला सांगायला माझ्याकडे काय आहे? तिला एकच गोष्ट सुचत होती. आधी आपण बोलायचं. ताईने ते रिकामं घरटं बघायच्या आत आपण बोलायचं, म्हणजे दोष तिच्याकडे जाणार नाही.

कडी निघाली. ताई बाहेर आली, डोक्याला टॉवेल, आणि भावजय जमिनीवर बसलेली बघून थबकली.

"ताई, ते माझ्यामुळे झालं," कटिंगबाई एका दमात म्हणाली. "घरट्यापुढची पानं मी कापली. चित्रासाठी. कावळ्याला दिसलं ते माझ्यामुळे. तुम्ही आंघोळीला गेलात म्हणून नाही, तुमचा काही संबंध नाही त्यात, ताई, माझी शप्पथ."

ताईने टॉवेल सोडला आणि केस पुढे घेऊन पुसायला लागली. "कापलीस ते माहीत आहे," ती म्हणाली. "पडदा काय, एका बाजूने कायम सरकलेलाच असतो. मी बघत होते तू कापत होतीस तेव्हा."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? कापून झाली होती. तू वही भरलीस, खुशीत कामावर गेलीस, तुझा नवराही गेला. घरटं आपलं उघडं पडलेलं. मी पलंगावर पडून बघत होते, आणि मला राहवेना. कोणीतरी बसायला हवं होतं ना तिथे. घरात दुसरं होतं कोण? म्हणून खुर्ची नेली."

आठवडाभर कटिंगबाई समजत होती की पिल्लांच्या ओढीने ताई बाहेर आली.

"पक्ष्यांचं मला मेलं काय कळतंय," ताई म्हणाली. "आणि तू मगाशी म्हणालीस ते तसं नाही. मी आंघोळीला गेले नव्हते. मी खुर्चीत होते."

"खुर्चीत?"

"तुझं लाटणं घेऊन बसत होते रोज, मांडीवर. आजही होतं. कावळा आला तो सरळ आला, टाकीवरून. मी बघत होते, येतोय हे दिसत होतं मला. उठले, हात वर केला, ओरडले पण असेन. तेवढ्यात एकाला घेऊन गेला. इतक्या जवळून, की त्याच्या पंखाचा वारा लागला मला." तिने आपल्या गालाला हात लावला. "दोघांनी भीतीने बाहेर उड्या टाकल्या. ती समोरच्या झाडात आहेत. आई भरवतेय त्यांना, बघितलं मी, मगच आत आले. फोन वाजत होता, पण मी तेव्हा झाडाकडे बघत होते."

न्हाणीघराच्या नळातून पाणी गळत होतं. ताईने मागे जाऊन तो घट्ट केला, परत आली, आणि कटिंगबाईच्या शेजारी जमिनीवर बसली. गुडघे धरून बसताना तिला जरा त्रास झाला.

"मी तिथे होते गं," ती म्हणाली. "झोपले नव्हते, उठले नव्हते, दुसरीकडे बघत नव्हते. डोळ्यांदेखत नेलं. काही करता आलं नाही मला." "म्हणजे त्या दिवशी मी खुर्चीत असते, तरी..."

ती रडायला लागली, मोठ्याने, तोंडावर हात न घेता. यजमान गेल्यापासून ती अशी रडली नव्हती, हॉस्पिटलातही नाही, नंतरही नाही. कटिंगबाईने तिला धरलं. ओल्या केसांनी तिचा खांदा भिजला. ती ताईला गप्प व्हा म्हणाली नाही. तिलाही रडू येत होतं, एका पिल्लासाठी, ते कुणाच्या कात्रीने गेलं ते माहीत असल्यामुळे, आणि ते दुःख काही कमी होणार नव्हतं. पण त्या घट्ट धरलेल्या पाठीतून काहीतरी सुटत चाललंय, हेही तिला हाताला कळत होतं.

बऱ्याच वेळाने ताईने टॉवेलाला नाक पुसलं.

"तुझी वही कुठे आहे?"

"ताई, आता नको."

"आण. जे बघितलं ते लिहायचं असतं ना त्यात? तू काही बघितलं नाहीस. मी बघितलंय."

कटिंगबाईने वही आणली. चित्राच्या पुढचं कोरं पान उघडलं, पेन्सिल घेतली. ताई भिंतीला टेकून डोळे मिटून सांगत गेली. ऊन होतं. वारा नव्हता. कावळा टाकीवरून आला. एक पिल्लू नेलं. दोन झाडात गेली, मादीने दोघांना भरवलं, आधी लहान होतं त्याला. कटिंगबाई लिहीत होती आणि अक्षर तिरकं जात होतं.

"अजून एक लिही," ताई म्हणाली. "बघणारी समोरच बसली होती."

कटिंगबाईने लिहिलं. ताईने वही स्वतःच्या हातात घेतली, ते वाक्य वाचलं, परत एकदा वाचलं. मग पेन्सिल मागून घेतली आणि त्याच्याखाली आपली सही केली.